उसिक-फ्युरी दुसरी लढत: रविवारी पहाटे कोण?

टिळकवाडीकर (बुधवार, १८ डिसेंबर २०२४)

शनिवारी रात्री सौदीत रियाधला युक्रेनचा ओलेक्झांडर उसिक आणि ब्रिटनचा टायसन फ्युरी पुन्हा समोरासमोर, हेवीवेट म्हणजे सगळ्यांत भारी वजनगटाच्या बॉक्सिंगमध्ये. आपल्याकडं तोवर रविवारची पहाट झालेली असेल. माझा अंदाज आधीच सांगून टाकतो: उसिक, बारा राऊंड, गुणांवर, आणि या वेळी मेपेक्षा सहज.

ज्यांनी पहिली लढत बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं. १८ मेला तिन्ही पंचांचं एकमत झालं नाही. दोन पंचांनी उसिकला दिलं, ११५-११२ आणि ११४-११३. तिसऱ्यानं फ्युरीला, ११४-११३. सुरुवातीचे राऊंड उसिकचे, मधले फ्युरीचे. खालून अपरकट, पोटावर ठोसे, उसिक अगदी बेजार झाला होता. मग आठव्यात त्यानं फ्युरीचं नाक रक्तबंबाळ केलं, आणि नववा राऊंड तर मी मोबाईलवर दहा वेळा बघितला असेन. उसिकचा डावा हात बसतो, फ्युरीचे पाय सुटतात, या दोरावरून त्या दोरावर तो आपटत जातो. दोर नसते तर खालीच होता. म्हणून रेफरीनं तो पडल्यासारखंच धरून आकडे मोजले, आणि तेवढ्यात घंटा झाली.

फ्युरीकडं जे होतं ते त्या मधल्या राऊंडांत सगळं बाहेर आलं. उसिकनं ते अंगावर घेतलं आणि चालू लढतीतच त्यावर तोड काढली. आता नवं काहीतरी शोधायचं काम फ्युरीचं आहे.

निपाणीचा गडी

दादा, सांगितलंय छान, खरं हिशेब अर्धाच सांगितलाय. राऊंड जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ. मोजल्यामुळं फ्युरीचा अजून एक गेला, तो राऊंड १०-८ झाला. तेच १०-९ धरा. उसिकला ११४-११३ देणाऱ्या पंचाचं कार्ड ११४-११४ होतंय. एक पंच उसिककडं, एक फ्युरीकडं, एक मधी, म्हणजे लढत बरोबरीत! एका गुणावर गेलेली लढत आणि तुम्ही म्हणताय सहज?

फ्युरी सहा फूट नऊ इंच, उसिक सहा-तीन. हाताची पोच ८५ इंच आणि ७८. एवढं असून मेमध्ये गडी हात खाली सोडून नाचत बसला. परत नाही करायचा. २०१८ ला अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरशी बरोबरी झाली, तेव्हा मागं सरत खेळला होता. फेब्रुवारी २०२० ला ट्रेनर बदलून, सोळा-सतरा पौंड वाढवून आला, पहिल्या घंटेपासून अंगावर गेला आणि सातव्यात वाइल्डरच्या माणसांनी टॉवेल टाकला, म्हणजे हार मानली. माझं ठरलंय, फ्युरी, दहाव्याच्या आत नॉकआउट.

शहापूरकरीण

निपाणीच्या दादा, वाइल्डर एका उजव्या हातावर जगणारा. त्याला मागं रेटलं की विषय संपला. उसिकला रेटायला तो आधी जागेवर सापडायला पाहिजे. ब्रिटनच्या अँथनी जोशुआनं प्रयत्न केला की. २०२१ ला लंडनमध्ये हरला, ऑगस्ट २०२२ ला जेद्दाहला नवा ट्रेनर घेऊन आला, पोटावर मारलं, नवव्या राऊंडला उसिकला चांगलंच हलवलं. आणि दहाव्यात? उसिक असा तुटून पडला की बघतच राहावं. निकाल परत त्याचाच.

लहानपणी आजोबांबरोबर जत्रेतल्या कुस्त्या बघायला जायचे. हलगी वाजत असायची, सगळे हाताकडं बघायचे, आजोबा टाचांकडं. दम संपला की टाच आधी मातीला टेकते, म्हणायचे. रविवारी मी तेच बघणार आहे, दोघांचंही.

निपाणीचा गडी

ताई, कुस्तीचंच काढलंसा म्हणून सांगतो. भारी पैलवान हलक्याच्या मानेवर हात ठेवतो आणि नुसता झुलतो. डाव नाही, काही नाही. पाच मिनिटांत खालच्याचे खांदे भरून येतात, मग पट काढायचा म्हटलं तरी हात उचलत नाही. फ्युरी मिठीत शिरला की वजन सोडतो, हेच ते.

अथणीकर

आधी हरलेला परत येतो हे हेवीवेटमध्ये जुनंच आहे. जो लुई १९३६ ला श्मेलिंगकडून बाराव्या राऊंडला पडला, १९३८ ला त्याला पहिल्याच राऊंडला झोपवला. लेनॉक्स लुईसला रहमाननं एप्रिल २००१ ला पाचव्यात पाडलं, नोव्हेंबरला लुईसनं चौथ्यात परतफेड केली. माझा कौल फ्युरी.

शहापूरकरीण

लुईस तेव्हा गाफील होता हो. दक्षिण आफ्रिकेत उंचावरच्या हवेत लढायचं आणि हा पोचला उशिरा. फ्युरीचं मेमध्ये तसं काय होतं? सरावात भुवईपाशी जखम झाली म्हणून लढत फेब्रुवारीची मेवर गेली, म्हणजे उलट जादा वेळ मिळाला. तयारीनं आलेला फ्युरी हरलाय. उदाहरण जुळत नाही.

खानापूरचा फौजी

मराठा लाईट इन्फंट्रीत असताना बॉक्सिंग केलंय, म्हणून चार शब्द. उसिक डावखुरा. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा डावा पाय पुढं असतो, डावखुऱ्याचा उजवा. दोन्ही पुढचे पाय एकमेकांच्या बोटांवर येतात. ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला, त्याच्या मागच्या हाताला हनुवटीची सरळ वाट मिळते. एका डावखुऱ्यानं मला तीन राऊंड असं फिरवलं होतं. मी मारायचो तिथं तो नसायचा. दुसऱ्या दिवशी माझं तोंड ठीक होतं, पोटऱ्या मात्र धरल्या होत्या. उसिक हे बारा राऊंड करतो.

याला उत्तर एकच, उजवा हात सरळ पोटात. फ्युरीला ते मेमध्ये सापडलं होतं, म्हणून मी त्याला बाद धरत नाही. उसिक ३७ चा आहे, जानेवारीत ३८ लागेल. असे पाय कधीतरी जातात, आणि जातात तेव्हा सांगून जात नाहीत.

निपाणीचा गडी (शुक्रवार, २० डिसेंबर)

वजनं आली! फ्युरी २८१ पौंड, उसिक २२६. पंचावन्न पौंडांचा फरक, म्हणजे पंचवीस किलो. अर्धं सिमेंटचं पोतं गळ्यात घालून बारा राऊंड पळा म्हणावं उसिकला. मेमध्ये फ्युरी २६२ होता. यंदा तो नाचायला आलेला नाही, मी बुधवारपासून हेच सांगतोय.

टिळकवाडीकर

वजन वाचून मलाही थांबावं लागलं, खोटं कशाला बोलू. पण अँडी रुईझ आठवतोय का? जून २०१९ ला २६८ पौंडांवर त्यानं जोशुआला पाडलं. डिसेंबरला दुसऱ्या लढतीला सौदीतल्या दिरियाला आला २८३ वर. जोशुआ उलट दहा पौंड उतरवून आला, रात्रभर त्याच्याभोवती फिरला, आणि कार्डं ११८-११०, ११८-११०, ११९-१०९. फ्युरी रुईझपेक्षा कितीतरी उंच आहे, त्याला ते वजन पेलतं, हे मान्य. म्हणून ‘सहज’ हा शब्द मागं घेतो. पहिल्या पाच-सहा राऊंडांत फ्युरी पुढं असला तर नवल वाटणार नाही. सातव्यापासून उसिक, दोन-तीन राऊंडांच्या फरकानं.

निपाणीचे, शनिवारी रात्रीच्या गाडीनं इकडंच या. टीव्ही मोठा आहे, थंडी भयंकर आहे, चहा रात्रभर मिळेल.

निपाणीचा गडी

येतो. दहाव्याच्या आत, लक्षात ठेवा.

खानापूरचा फौजी

मी घरूनच बघणार. पहिल्या राऊंडला फ्युरीचा डावा पाय उसिकच्या उजव्या पायाच्या बाहेर पडतोय की आत, एवढं बघून ठेवा. आत पडायला लागला तर टिळकवाडीकर जिंकले.