‘शेवटच्या श्वासापर्यंत लढा’ असे म्हणणाऱ्यांसाठी

रात्रपाळी :
फुप्फुसाच्या कर्करोगाच्या चौथ्या टप्प्यात पॅलिएटिव्ह केअरकडे, म्हणजे रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेकडे, वळणे म्हणजे हात टेकणे, घरच्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत लढावे, असे काल इथे एका सदस्यांनी लिहिले. राग प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढत आहे. ज्या श्वासाच्या आपण शपथा घेता, तो घेता यावा म्हणून माझी आई शेवटचे सात आठवडे आडवी झाली नाही. जेवणाच्या टेबलावर दोन उशा रचून, त्यांवर कपाळ टेकून ती रात्र काढत असे. मॉर्फिनच्या लहान मात्रेने धाप कमी होते, तोंडासमोर छोटा पंखा धरला तरी बरे वाटते, हे आम्हाला कळले तेव्हा तिचे दहा दिवस उरले होते. बॉस्टनच्या १५१ रुग्णांवरील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानापासूनच नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळालेल्यांचे जगणे सुसह्य झालेच, शिवाय त्यांचे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात ते) ८.९ ऐवजी ११.६ महिने भरले. हात टेकलेलेच जास्त जगले, त्याचे काय करायचे?

घाटमाथा :
बॉस्टनला कर्करोगाला क्षय समजून सहा महिने गोळ्या गिळून झाल्यावर बायोप्सी होत नाही, आपल्याकडे होते. माझ्या मावशीने जन्मात विडी ओढली नाही, धूर खाल्ला तो चुलीचा. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘घरी न्या, सेवा करा’ म्हटले होते. आम्ही ऐकले नाही, मुंबईला नेले, गाठीच्या जनुकीय तपासणीत ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल निघाला आणि त्यावरची रोजची एक गोळी सुरू झाली. चेहऱ्यावर पुरळ येते, नखांच्या कडा सुजतात, पण तीन वर्षे होत आली तरी ती भाकरी स्वतः थापते. आपल्यासारखे सल्लागार आधी भेटले असते तर तिचे वर्षश्राद्धही उरकले असते.

रात्रपाळी :
‘उपचारांसोबत’ हा शब्द आपण गिळलात. ‘घरी न्या’ म्हणून मोकळे होणे याला पॅलिएटिव्ह केअर म्हणत नाहीत. मावशींच्या सुजलेल्या नखांची दखल घेणे, याला म्हणतात.

अवांतर :
मावशींना आजाराचे नाव ठाऊक आहे का?

घाटमाथा :
नाही. ‘छातीत गाठ आहे’ एवढेच सांगितले आहे आणि ती आनंदात आहे. नाव सांगून कोणाचे भले झाले आहे?

सांजवात :
माझे वडील निवृत्त आरोग्यसेवक होते आणि आम्ही त्यांना कर्करोगाऐवजी क्षय झाल्याचे सांगितले होते. एके सकाळी मोरीतून बाहेर येऊन ते मला हळूच म्हणाले, “क्षयाच्या गोळ्यांनी लघवी तांबडी होते, माझी पाण्यासारखी आहे. मला कळले आहे, पण आईला बोलू नकोस.” आई मला वर्षभर हेच बजावत होती, की बाबांना कळू देऊ नकोस. दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघे एकमेकांसमोर नाटक करत राहिलो. बँकेच्या खात्याला आईचे नाव लावायचे राहून गेले, कारण तो फॉर्म त्यांच्यापुढे धरणार कोण?

घाटमाथा :
आपले नाटक फसले म्हणून सर्वांनी पडदा पाडायचा, हा न्याय अजब आहे. माझ्या आजोबांना खरे सांगितले, त्या दिवसापासून त्यांनी अन्न सोडले. परदेशी शहाणपण आमच्या माजघरात आणू नये.

थोरली_सून :
माजघराचा विषय निघालाच आहे, तर तिथे रात्रभर जागे कोण असते तेही बोलावे. सासऱ्यांसाठी मी नोकरी सोडली. अमेरिकेतल्या नणंदबाई व्हिडिओवरून सांगत, की मॉर्फिन देऊ नका, सवय लागेल. अमली पदार्थांचा कायदा २०१४ साली सैल झाला तरी ती गोळी आमच्या जिल्ह्यात एकाच ठिकाणी मिळे, आणि चिठ्ठी घेऊन एसटीने जाणारी मीच. चौदा महिन्यांत ‘तू जेवलीस का’ असे विचारणारे एकटे सासरे होते, तेही दोन शब्दांमध्ये दम घेऊन. त्यांना सांगावे की सांगू नये, यावर घरातल्या पुरुषांच्या तीन बैठका झाल्या. चहा मी केला.

अवांतर :
याला आमच्याकडे उत्तर नाही.

घाटमाथा :
‘सोबत’ हा शब्द मी वाचला नव्हता, एवढे मान्य करतो, याहून अधिक नाही. मावशीला सांगायचे की नाही हे तिचा मुलगा ठरवील, आपण नव्हे. नखांच्या कडांसाठी काय करता येते, ते मात्र कोणास ठाऊक असल्यास लिहावे. पीठ मळताना झोंबते, असे ती म्हणते.