संमतीपत्रकासाठी रुग्णांना कळतील असे शब्द सुचवावेत

नमस्कार. स्तनाच्या गाठीतून सुटलेल्या पेशी रक्तावाटे इतर अवयवांपर्यंत कशा पोहोचतात, यावर मी संशोधन करते. त्यासाठी रुग्णांचे ७.५ मिलीलिटर रक्त घेण्यापूर्वी मराठी माहितीपत्रक वाचून दाखवून संमती घ्यावी लागते. त्या पत्रकाच्या भाषेबाबत मला मदत हवी आहे.

‘आपल्या रक्तातील कर्करोगाच्या पेशी शोधण्यासाठी’ हे वाक्य ऐकताच गेल्या आठवड्यात एका मावशींनी पुढे केलेला हात पदराखाली घेतला आणि विचारले, “म्हणजे आता अंगभर पसरला का?” खरे तर अशा पेशी अत्यंत विरळ असतात, एक मिलीलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात आणि त्यांत या पेशी बहुधा दहाही सापडत नाहीत. त्यांतील बहुतेक रक्तप्रवाहातच मरतात, त्यामुळे त्या आढळल्या म्हणजे दुसरीकडे गाठ झालीच, असे नसते.

हे समजावताना मी स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये मांडलेली उपमा सांगितली, की बी चहूकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते. मावशी शेतकरी घरातल्या, त्यांना ती तत्काळ कळली आणि त्या म्हणाल्या, “म्हणजे माझीच जमीन वाईट.” त्यानंतर ती उपमा पुन्हा वापरण्याचे धैर्य मला झालेले नाही. मावशींनी शेवटी सही केली, पण ती मुलगा “करून टाक” म्हणाला म्हणून. तशी संमती मला नको आहे.

‘गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशी’ असे लिहिले तर भीती कमी होईल, की आपण आजाराचे नाव लपवतो आहोत असे वाटेल? दुसरी अडचण पुंजक्यांची आहे. एकेकट्या पेशींपेक्षा एकमेकींना चिकटून वाहणारे पुंजके नवी गाठ धरण्यास कितीतरी अधिक समर्थ असतात, हे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे, म्हणून आम्ही तेही मोजतो. ‘गुठळी’ म्हटले की रुग्णांना रक्ताची गुठळी वाटते आणि ‘पुंजका’ अनेकांच्या बोलण्यात नसतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथील वाचकांनी आपल्याकडचा शब्द अवश्य सांगावा. शिवाय, ज्यांनी घरच्या रुग्णाशेजारी बसून असे पत्रक ऐकले आहे, त्यांना त्यातील कोणते वाक्य खुपले आणि कोणत्या वाक्याने धीर आला, हे कळले तर पुढचा मसुदा मी त्यावरूनच लिहीन.