क्लब हाऊसच्या कपाटातला ऑलिव्हर

मिहिरची आई (बी-३०४): क्लब हाऊसच्या कपाटातून मिहिरने 'ऑलिव्हर ट्विस्ट'चं मराठी पुस्तक आणलं. चार्ल्स डिकन्सची ती अनाथ मुलाची गोष्ट. वय वर्षं ९. काल रात्री ११ वाजले तरी टक्क जागा. मग म्हणाला, "आई, तू आणि बाबा एकाच गाडीतून ऑफिसला जात जाऊ नका." माझ्या पोटात गोळाच आला. असली पुस्तकं मुलांच्या कप्प्यात कशाला?

सी-१०२: +१. मोठेपणी कळणारच आहे सगळं. आत्ता हसू-खेळू द्या की. आमच्या वेळी चांदोबा होता, काही बिघडलं नाही.

बी-५०१: चांदोबात दर महिन्याला राजाच्या खांद्यावर प्रेत असायचं हो काका 😄

कुलकर्णी सर (ए-२०१): पुस्तकं मीच लावली, तेव्हा बोलणी मला. मूळ कादंबरी मुलांसाठी नव्हतीच. १८३७ ते १८३९ मासिकातून क्रमशः आली, वाचणारी मोठी माणसं. इंग्लंडमधल्या १८३४ च्या गरिबांच्या कायद्यावर (मदत हवी तर आश्रमात राहून काम करा, असा) डिकन्सचा राग होता, तो त्यात उतरलाय. त्यातल्या चोरांच्या टोळीतल्या नॅन्सीचा खून मुलांच्या आवृत्त्यांत बहुधा गाळतात किंवा दोन ओळींत उरकतात. आपल्या प्रतीत नाही, तपासून ठेवलंय.

मिहिरची आई (बी-३०४): सर, खुनाचं नाही. उपाशी मुलाचं घेऊन बसलाय तो.

कुलकर्णी सर (ए-२०१): तो भाग जमलाच आहे तसा. आश्रमात दिवसातून तीनदा पातळ पेज, आठवड्यातून दोनदा एक कांदा, रविवारी अर्धा पाव. वाडगे धुवायला लागायचे नाहीत, पोरंच चमच्याने खरवडून लख्ख करायची. डिकन्सला हे ठाऊक होतं. वडील कर्जापायी तुरुंगात, आणि हा १२ व्या वर्षी कारखान्यात बुटाच्या पॉलिशच्या बरण्यांवर लेबलं चिकटवत होता.

बी-५०१: आणि ज्ञानेश्वरांची गोष्ट आपण पाच वर्षांच्या पोरांना सांगतोच ना? आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं, चार भावंडं उघड्यावर, मांडे भाजायला कुंभार खापर देईना.

मिहिरची आई (बी-३०४): हो, पण तिथे पाठीवर मांडे भाजले जातात, भिंत चालते. इथे पोरगं आणखी मागतं आणि डोक्यात पळी बसते. मिहिर विचारतो, "मग कोणीच का नाही दिलं?" काय सांगू?

सी-१०२: म्हणूनच म्हणतो, नको. आपल्या मुलांचा काय संबंध अनाथांशी?

आजी (ए-१०३): मी बोलून टाइप करते आहे चुका समजून घ्या. आमच्या नातवाने हे पुस्तक दिवाळीच्या सुट्टीत वाचलं. त्याचे आईवडील नाहीत हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. वाडग्याचं पान तीनदा वाचलं आणि म्हणाला आजी तशी पेज कर. केली. त्याने मीठ घातलं, वर तूप घातलं, मग थांबला आणि म्हणाला ऑलिव्हरला तूप नव्हतं. दुसऱ्या वाडग्यात बिनतुपाची घेतली आणि सगळी संपवली. शेवट काही आवडला नाही त्याला. म्हणे श्रीमंत माणसं अशी बरोबर सापडतात होय? पहिला भाग खरा आहे म्हणाला.

*(वीसेक मिनिटं कोणीच काही लिहिलं नाही.)*

सी-१०२: 🙏 चुकलो वहिनी.

मिहिरची आई (बी-३०४): आजी, सॉरी. लिहिताना माझ्याही लक्षात आलं नाही.

आजी (ए-१०३): अगं सॉरी काय. रविवारी मिहिरला पाठव पेज प्यायला. आणि त्याने गाडीचं विचारलं त्यावर काय बोललीस?

मिहिरची आई (बी-३०४): "झोप आता" म्हटलं 😔

आजी (ए-१०३): मग कसा झोपेल.

कुलकर्णी सर (ए-२०१): पुस्तक मोठ्यांच्या कप्प्यात हलवू का? हलवायचं तर आधी परत आणून द्या.

सेक्रेटरी: उद्या सकाळी ७ ते १० पाणी बंद. टाकी धुणार आहेत. भरून ठेवा.

मिहिरची आई (बी-३०४): सर, तो देत नाहीये. तीस पानं राहिलीत म्हणतो. आज मी शेजारी बसणार आहे.