फडात मागे उभे असायचे ते : ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झीलकऱ्यांच्या आठवणी

यंदा चैत्रात गावच्या जत्रेला गेलो होतो. वेशीजवळ तमाशाचा फ्लेक्स लागला होता. फडमालकाचा फोटो, चार नर्तिका, सोंगाड्या, शिवाय शुभेच्छुक म्हणून आमच्याच गावचे अकरा पुढारी. रात्री ज्यांनी तीन तास उभं राहून वाजवलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्यावर नव्हतं.

गणाआधी, म्हणजे तमाशाच्या सुरुवातीच्या गणेशवंदनेआधी, मागच्या बाजूला गेलो. साठीपुढचे एक तुणतुणेवाले विडी ओढत बसले होते. शेजारी कीबोर्ड, ऑक्टोपॅड, वायरींचा गुंता. म्हटलं, "मामा, ह्या सगळ्यात तुणतुण्याचा आवाज येतो का कुणाला?" म्हणाले, "मागं तार तुटली मधीच. सोंगाड्यानं लगीच वळून बघितलं. म्हंजी येतच आसंल."

म्हणून हा धागा. नाचणाऱ्यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांच्या स्टेजमागच्या बाळंतपणाचा किस्साही सगळ्यांना पाठ आहे, तो कृपया पुन्हा नको. वाजवणाऱ्यांबद्दल आणि झील धरणाऱ्यांबद्दल, म्हणजे मागे उभं राहून वरच्या पट्टीत साथ गाणाऱ्यांबद्दल, लिहा. माणूस हयात असेल तर नाव टाकण्याआधी त्याला विचारा.

मीनाकाठ

आम्ही नारायणगावचे. पाडव्याच्या आधी पुणे-नाशिक रस्त्याला फडांच्या राहुट्या लागायच्या, तेव्हा वडिलांची चहाची गाडी तिथेच असायची आणि ग्लास पोचवायला मी. दसऱ्याला बाहेर पडलेले फड हिवाळाभर गावोगाव कनात लावून तिकिटावर खेळ करायचे. चैत्र लागला की जत्रांचा हंगाम आणि त्याच्या सुपाऱ्या द्यायला गावकरी इथे यायचे. राहुटीत गादी, तक्क्या, मालकाच्या मागे फळा. फळ्यावर तिथी आणि तिथीपुढे गाव. कालाष्टमीचा भाव सगळ्यात चढा, कारण त्या दिवशी आमच्या भागात भैरवनाथाच्या जत्रा ढिगाने असतात.

पांढऱ्या टोप्यांची पाच-सहा माणसं यायची. पहिला प्रश्न, "बाया किती?" दुसरा, "सोंगाड्या कोण?" पण त्यांच्यात एखादा म्हातारा असा असायचा की तो चहा बशीत ओतत हळूच विचारायचा, "ढोलकीला कोन हाय यंदा?" असा माणूस आला की मालक जरा सावरून बसायचा. घासाघीस आता कुणाशी आहे ते त्याला कळायचं.

दुपारी फडातली माणसं झोपायची आणि ढोलकीवाला बाभळीखाली बसून वाद्य ओढायचा. ओढायचा हाच शब्द. खोडाला पाय लावून दोरी ताणायची, कडी सरकवायची, शाईवर बोट मारून कान तिरका करायचा, परत ढिली करायची. पेटीवाला शेजारी काळी चार धरून बसलेला, पेंगत. धुमाचा आतला मसाला वाळला की डाव्या बाजूचा आवाज पोकळ येतो, हे मला तिथे कळलं. एकदा मी चहाचा ग्लास ढोलकीवर टेकवला. त्याने तो उचलला, चहा जमिनीवर ओतला आणि रिकामा ग्लास माझ्या हातात दिला. शिवी नाही, काही नाही. संध्याकाळी वडिलांनी ग्लासचे पैसे मागितले तर देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाला, "हात धुवून ये." मग माझं बोट धरून शाईवर ठेवलं आणि म्हणाला, "हितं मार. आता कडंला मार. कळ्ळा फरक?" मला कळला नव्हता. कळला म्हणालो.

कोरेगावची लेक

माझी आठवण फक्त कानाची आहे. आमच्या सातारा जिल्ह्यात माझ्या लहानपणी घरंदाज म्हणवणाऱ्या बायका तमाशाला जात नसत. छबिना निघायचा, पालखीला ओवाळून आम्ही घरी. मग पुरुष घोंगडी घेऊन बाहेर पडायचे आणि आम्ही पोरी आजीबरोबर माळवदावर.

आधी हलगी. कडकड कडकड करत ती एकटीच हवा तापवायची, मग ढोलकी तिला गाठायची. दोघांचं भांडण चाललंय असं वाटायचं. आजी म्हणायची, "हलगीवाला वरचढ हाय आज." मग गण. मग लांबून 'जी जी रं जी जी' अशी झील. गाणाऱ्या बाईचे शब्द वारा उलटा असला की पोचायचे नाहीत, पण झील पोचायची. इतकी वर जायची की कुत्री भुंकायला लागायची. मी कितीतरी वर्षं समजत होते की ती झील बायकाच धरतात. पुरुष इतक्या वरच्या पट्टीत गातो हे डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, म्हणजे तमाशाचा सकाळचा खेळ, व्हायची आणि दुपारी कुस्त्या. कुस्तीच्या फडातही हलगीच. तीच माणसं की दुसरी, कोण जाणे. माझ्या दृष्टीने हलगी एकच होती.

पंचेचाळिसाव्या वर्षी पुण्यात नाट्यगृहात तिकीट काढून पहिल्यांदा तमाशा पाहिला. मी नाच बघितलाच नाही. मागे दोन सुरते, म्हणजे झीलकरी, उभे होते, एक हात कानावर, मानेच्या शिरा तटतटलेल्या. तेवढेच बघत बसले. शेजारची बाई म्हणाली, "अहो, पुढे बघा की."

आज्याची ढोलकी

वर हलगीबद्दल फार गोड लिहिलं आहे. माझ्या घरात ती गोड नव्हती.

आम्ही पूर्वाश्रमीचे महार. हलगी वाजवणं ही आवड नव्हती, ते गावकीचं काम होतं. मयताला वाजवा, लग्नाला वाजवा, साहेब आला की वाजवा, मग भाकरी मागा. पणजा वाजवायचा. आजा फडात ढोलकीवर गेला, कारण तिथे निदान कलाकार म्हणत. हंगामाआधी मालकाकडून उचल घ्यायची, ती फेडेपर्यंत राबायचं, पावसाळ्यात घर चालवायला पुढच्या हंगामाची उचल. आजीच्या बोलण्यात आज्याचं वय नसायचं, 'त्या उचलीच्या साली' असं असायचं.

पुढे आंबेडकरी जलसे आले, म्हणजे बाबासाहेबांचा विचार गाण्यांतून सांगणारे कार्यक्रम. नाशिककडे भीमराव कर्डकांचा जलसा गाजत होता. गण-गवळणीतला गणपती आणि कृष्ण गेले, नाचही गेला. ढोलकी राहिली. आज्याने फड सोडून आमच्या भागातल्या एका जलशात वाजवायला सुरुवात केली. पैसे जवळजवळ नाहीत. 1956 च्या धर्मांतरानंतर वस्तीतल्या लोकांनी हलग्या वाजवायच्या बंद केल्या, काहींनी विहिरीत टाकल्या. आज्याला म्हणाले, ढोलकीही टाक. तो म्हणाला, "हिनं बाबासायबाचं गानं वाजवलंय." ढोलकी राहिली. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी वस्तीत बसली की तिच्यावरच वाजायची.

आज्याचा भाऊ मात्र फडातच राहिला. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नसत. आज्याच्या मयताला तो भाऊ आला, वाजवायला कुणी नव्हतं, आणि वाजवायचं नाही असं ठरलेलंही होतं. तो ढोलकीजवळ बसून राहिला. तिला हात लावला नाही त्याने.

कुणाला दोष द्यायला हे लिहीत नाही. पण तुम्हाला माळवदावरून जे ऐकू येत होतं, ते वाजवणारा जेवायला कुठे बसत होता तेही इथे यायला हवं.

कोरेगावची लेक

बरोबर आहे तुमचं. आमच्या आजीने हलगीवाल्यांसाठी भाकरी दिलेल्या मी पाहिल्या आहेत, वरून टाकलेल्या. मघाशी लिहिताना ते आठवलं होतं. लिहिलं नाही.

गिरणीचा भोंगा

दोनच ओळी. वडील गिरणीत होते. पगाराच्या आठवड्यात लालबागच्या हनुमान थिएटरला जायचे, फड मुंबईत आला की. आमच्या खोलीत राहणारा एक गाववाला तिथे कधीमधी कडं वाजवायला उभा राहायचा, म्हणजे वाकवलेल्या लोखंडी सळीवर दांडी मारून टिणटिण करायची. दिवसा गिरणीतला साचा, रात्री कडं. 1982 च्या संपात तो गावी गेला. कडं आमच्याच खोलीत राहिलं, आई त्यावर पिशव्या अडकवायची.

टांगता माइक

मी संगमनेरकडचा. फडांना साउंड पुरवायचो, जवळजवळ वीस हंगाम. आमच्याकडे तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकरांचं नाव घेतल्याशिवाय तमाशाचं बोलणं सुरू होत नाही. पण मी सांगतोय माइकचं.

पूर्वी स्टेजवर तीन-चार माइक आडव्या दोरीवरून टांगलेले असत. स्टँडचा माइक नाचणारीच्या पायात येतो म्हणून. सगळं फडाचं गाणं त्या टांगत्या माइकांत. मग कुणाचा आवाज किती यायचा हे माझ्या हातात नव्हतं, त्यांच्या पायात होतं. बाईने गायला सुरुवात केली की ढोलकीवाला अर्धं पाऊल मागे, तोडा आला की दीड पाऊल पुढे. झीलकरी माइकखाली घुसायचे, ओढून झील मारायचे आणि मागे सटकायचे. तुणतुणेवाला कायम एका जागी. असं मिक्सिंग मला पुढे बारा चॅनेलच्या मिक्सरवरही जमलं नाही.

पौषातल्या रात्री दव पडलं की कातडं उतरायचं. हलगी शेकायला उसाच्या पाचटाची शेकोटी कनातीमागे असायचीच. ढोलकी शेकत नाहीत, तिला गोधडीत गुंडाळून ठेवायचे, लहान पोर ठेवावं तशी. आता हलगीला प्लास्टिकचं पान आलं, शेकोटी गेली. आवाज डब्यासारखा येतो, पण पावसात भिजली तरी चालते. वाजवणाऱ्याला सोपं झालं तर आपण कोण नाक मुरडणार?

खरा घाव रात्री दहाचा नियम. पूर्वी छबिना संपून बाराला गण सुरू व्हायचा, वग, म्हणजे तमाशातलं नाटक, उजाडेपर्यंत. आता दहाच्या आत आटपायचं म्हटल्यावर पहिला घाव कशाला? ढोलकी-हलगीच्या सलामीला. पंधरा-वीस मिनिटांची जुगलबंदी तीन मिनिटांवर आलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

पॅडवाल्याचा भाचा

कीबोर्ड-ऑक्टोपॅड आल्याने तमाशा बुडाला हा सूर प्रत्येक ठिकाणी असतो, इथेही येणार हे माहीत होतं. माझा मामा फडात ऑक्टोपॅड वाजवतो. तोही वाजवणाराच आहे ना? समोरची पोरं सिनेमाच्या गाण्यासाठी शिट्ट्या मारतात, गवळण लांबली की उठून जातात. पॅड आहे म्हणून तिकीट खपतं आणि तिकीट खपतं म्हणून तुणतुणेवाल्याला रोजची मजुरी मिळते. मामा आधी ढोलकीच शिकला. पॅडवर तो काठ्यांनी ढोलकीचे बोल काढतो, डोळे मिटून ऐका, फसाल. (बरं, पूर्ण नाही फसणार. धुमाची घुमक पॅडला येत नाही हे तोही मान्य करतो.)

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. सुपाऱ्यांचा दिवस, आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी. मामा राहुटीवरून परत आला तो उचल अंगावर घेऊनच. त्या वर्षी जत्रा नाहीत, पुढच्याही वर्षी नाहीत. मामा कांदे काढायला गेला. ऑक्टोपॅड पोत्यात घालून माळ्यावर ठेवला होता, उंदरांनी वायर कुरतडली. ढोलकी मात्र खुंटीवर होती. संध्याकाळी कांद्याच्या वासाच्या हातांनी अर्धा तास वाजवायचा. मामी ओरडायची, कातड्याला वास लागेल. लागलाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. 'आज्याची ढोलकी' यांनी लिहिलं ते मी धागा काढताना विचारातच घेतलं नव्हतं, हे कबूल करतो. कड्याला तुमच्या भागात आणखी काय म्हणतात तेही लिहा.

त्या तुणतुणेवाल्या मामांना आज फोन केला. हे सगळं वाचून दाखवलं. पॅडवाल्याच्या भाच्याचं ऐकून हसले, म्हणाले, "खरं हाय त्याचं." मग विचारलं, नाव आणि फोटो टाकू का? फ्लेक्सवर नसतं, इथे तरी येऊ दे. थोडा वेळ गप्प होते.

"नाव नगं. नातीची सोयरीक चाललीय. तुणतुण्याचा फोटो टाका."

फोटो घ्यायला रविवारी जातोय. एसटी दोनच आहेत तिकडे, सकाळची चुकली तर पुढच्या रविवारी.