सहावीतल्या मुलासाठी मराठी अद्भुतकथा आणि विज्ञानकथा सुचवा

पेडण्याची_आई:
मुलगा सहावीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून सगळं इंग्रजीतून, घरात कोंकणी. जादूगार, ड्रॅगन, परग्रह असलं काहीही इंग्रजीत भराभर वाचतो, मराठी पुस्तक मात्र दोन पानांत मिटतो. धाकटी तिसरीत, अजून मराठी शाळेतच. चतुर्थीच्या सुट्टीत सुरू करता येईल असं काहीतरी सांगा. बोधकथा नकोत. विकत घ्यावं की ग्रंथालयातून आणावं, तेही सांगा.

जुना_ग्रंथपाल:
ताई, आधी वाचनाचा वेग बघा, मग पुस्तक. कुठलंही साधारण २४० शब्दांचं पान त्याला मोठ्याने वाचू द्या. चार मिनिटांहून जास्त लागली, तर मिनिटाला ६० शब्दही होत नाहीत. एवढ्या वेगात कादंबरीचा धागा टिकत नाही, वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला होते. मूल म्हणतं 'बोअर आहे' आणि आपण विषय बदलत बसतो. अशा मुलाला एका बैठकीत संपणाऱ्या सुट्या कथा द्या. वेग बरा असेल आणि पानामागे चार-पाचच शब्द अडत असतील, तर कादंबरी खुशाल द्या.

कथांसाठी जयंत नारळीकर. 'यक्षांची देणगी' आणा, पण क्रमाने वाचायची सक्ती नको. 'उजव्या सोंडेचा गणपती'पासून सुरुवात करा, क्रिकेट आवडत असेल तर उत्तमच. 'गंगाधरपंतांचे पानिपत' मात्र मागे ठेवा. १७६१ साली पानिपतावर खरं काय झालं ते ठाऊक नसेल, तर इतिहास पालटल्याची गंमतच कळत नाही. हीच कथा इंग्रजी रूपात एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, त्यावरून काय तो अंदाज घ्या.

हॅरी पॉटर मराठीत मिळतं, पण इंग्रजीत वाचून झालं असेल तर त्यावर पैसे घालू नका. माहीत असलेली गोष्ट कमी वेगात पुन्हा कोण वाचेल?

अर्धा_पीळ_म्हापसा:
गणपतीची कथा देणार असाल तर आधी हे करून दाखवा, त्या कथेचं सगळं विज्ञान यात आहे. पारदर्शक फाइलचं प्लास्टिक कापून ३ सेंटीमीटर रुंद, ४० सेंटीमीटर लांब पट्टी करा (दोन तुकडे जोडले तरी चालतात). एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे ते टोक एकदाच उलटं करा, आणि टोकं पारदर्शक टेपने चिकटवा. आता सीडीवर लिहायच्या मार्करने डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढा, नुसतं डोकं आणि सोंड पुरे. साधं स्केचपेन प्लास्टिकवर पुसलं जातं. पुढे दर पाच सेंटीमीटरवर आधीच्या चित्रासारखंच चित्र काढत जा, डोकं आधीच्या चित्राच्याच कडेकडे ठेवून. एक फेरी झाली की पहिल्या चित्राजवळ पोचाल, पण पट्टीच्या मागच्या अंगाने. शेवटचं चित्र त्याच्या शेजारीच काढा. मग पहिलं चित्र ज्या बाजूने काढलं तिकडूनच दोन्ही बघा. शेवटचं खाली डोकं वर पाय दिसेल. पट्टी फिरवून त्याचं डोकं वर आणलं की सोंड उजवीकडे!

फसतं ते दोन ठिकाणी. साध्या कागदावर केलं तर आरपार दिसत नाही, आणि प्रत्येक चित्र आपापल्या बाजूने पाहिल्यावर डाव्या सोंडेचंच दिसतं. आणि पीळ पुरा दिला तर पट्टीला दोन बाजू राहतात, काहीच होत नाही. चित्रं काढण्याआधी पट्टीच्या मधोमध बोट फिरवा. न उचलता दोन्ही बाजूंना लागलं तर पीळ बरोबर.

तोफगोळा:
ग्रंथपालबाब, इथे माझं मत वेगळं. इंग्रजीत तीनशे पानं पचवणाऱ्या पोराला दहा पानांची कथा हातात दिली की त्याला ती बाळबोध वाटते. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न द्या. मराठी जुनं आहे, पण पळतं. 'पाताळलोकची अद्भुत यात्रा' आधी, 'चंद्रावर स्वारी' नंतर. व्हर्नच्या १८६५च्या मूळ कादंबरीत माणसं आत बसवलेला गोळा तोफेतून चंद्राकडे सुटतो तोच अगदी शेवटाकडे, त्याआधी तोफेचीच तयारी चालते. हिशेब आवडणाऱ्या मुलाला मात्र तीच मजा. तोफ ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर. तेवढ्यात सेकंदाला ११ किलोमीटर वेग गाठायचा, तर प्रवेग गुरुत्वाच्या सुमारे २२ हजार पट येतो. ३० किलोच्या मुलाला त्या क्षणी आपलं वजन साडेसहाशे टनांच्या वर वाटेल. आत बसलेल्यांचं काय होईल ते त्यालाच विचारा.

घेताना मुखपृष्ठावर जाऊ नका, आतल्या पानावर 'अनुवाद', 'रूपांतर' की 'संक्षिप्त' ते बघा. व्हर्न साठ पानांत उरकला असेल तर ठेवून द्या. नारायण धारपांचं पुस्तक नुसत्या नावावरून उचलू नका, बरंचसं लेखन भयकथांचं आहे. आणि गौरी देशपांडे यांचे 'अरेबियन नाइट्स'चे १६ खंड मोठ्यांचेच आहेत. अल्लादीन म्हणून सहावीतल्या मुलाला देऊ नका.

पेडण्याची_आई:
पान वाचायला साडेपाच मिनिटं लागली. मग कथाच ना? आणि धाकटीचं?

जुना_ग्रंथपाल:
कथाच. पण तोफगोळा म्हणतात ते खोटं नाही, म्हणून व्हर्नही आणा आणि तो तुम्ही वाचून दाखवा. रोज दहा मिनिटं. प्रकरण संपवू नका, ऐन रंगात थांबा आणि पुस्तक उघडं ठेवून उठा. पुढचं पान त्याने स्वतः वाचलं तर लगेच कौतुक करायला जाऊ नका, नाहीतर त्याचा अभ्यास होतो. मराठी सावकाश का होईना सरळ वाचायला लागला की मीना किणीकरांनी मराठीत आणलेला टॉल्किनचा 'हॉबिट' आहे.

धाकटीला विंदा करंदीकरांचं 'एटू लोकांचा देश'. कविता आहेत, मोठ्याने म्हणायच्या. थोरला ऐकून हसेल, हसू द्या.

पणजीला येणं होत असेल तर पाट्टोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बालविभाग आहे. तिथेच शोधत बसू नका, नारळीकर मोठ्यांच्या कथासंग्रहांतही असू शकतात. लेखकाच्या आडनावाने विचारा. व्हर्न तिथून आणा, नारळीकर आणि विंदा विकत घ्या, ती पुन्हा पुन्हा हाताळली जातात. फक्त पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, ओल धरून बुरशी येते आणि मागोमाग कसर लागते.