एमआरआयवर पांढरे डाग दिसले म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसच (एमएस) का?

दवबिंदू: पस्तिशीतली रुग्ण, एका डोळ्याची नजर चार दिवसांत अंधुक झालीय, डोळा हलवला की दुखतो. मेंदूच्या एमआरआय रिपोर्टात ‘डिमायलिनेशनची शक्यता’ (म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण झिजल्याची) एवढंच लिहिलंय. एमएस म्हणायला हे पुरेसं आहे का? एक्यूपी४ आणि एमओजी अँटिबॉडी (एमएससारखे दिसणारे एनएमओ आणि एमओजी आजार ओळखणाऱ्या रक्ततपासण्या) सगळ्यांच्याच पाठवायच्या का?

मध्यान्ह: पुरेसं नाही. रिपोर्ट बाजूला ठेवून फिल्म स्वतः बघा. डाग किती, यापेक्षा कुठे हे महत्त्वाचं. एमएस ठरवण्याच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांत चार जागा आहेत: व्हेंट्रिकलला (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीला) खेटून, कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) किंवा त्याला चिकटून, ब्रेनस्टेम-सेरिबेलम (मेंदूचा खालचा-मागचा भाग) आणि मज्जारज्जू. किमान दोन ठिकाणी डाग हवेत. २०२४ च्या सुधारणेत ऑप्टिक नर्व्ह (डोळ्याची नस) ही पाचवी जागा धरलीय. व्हेंट्रिकल आणि डाग यांच्यामध्ये व्हाइट मॅटरची (मेंदूतल्या पांढऱ्या भागाची) पट्टी उरत असेल, तर तो ‘खेटून’ धरू नका. चुकीचं लेबल बहुधा इथेच लागतं. खोल भागात विखुरलेले बारीक ठिपके मायग्रेन आणि रक्तदाबातही असतात.

पाठीतलं पाणी (मज्जारज्जूभोवतीचा द्रव) काढाल तेव्हा त्याच वेळी रक्तही पाठवा. ऑलिगोक्लोनल बँड (अँटिबॉडीचे पट्टे) पाण्यात आहेत आणि रक्तात नाहीत, तरच त्याला अर्थ. नुसतं पाणी पाठवलं तर रिपोर्ट वाचताच येत नाही.

तिसरा_प्रहर: अँटिबॉडी सरसकट नकोत. एमएसचं चित्र स्पष्ट असताना एमओजी पाठवली की कमी टायटरचा (अँटिबॉडीचं प्रमाण कमी असलेला) पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि गोंधळ वाढतो. २०२३ च्या निकषांनुसार अशा वेळी एक्यूपी४ निगेटिव्ह हवी, शिवाय एमओजी आजाराला साजेशी लक्षणं किंवा एमआरआय.

पाठवायच्या कधी? दोन्ही डोळे एकदम गेले, डोळ्यातल्या ऑप्टिक डिस्कला भरपूर सूज आहे, ऑप्टिक नर्व्हचा लांब पट्टा उजळतोय, मज्जारज्जूतला डाग तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब आहे, किंवा उचकी-उलटी थांबतच नाही. उचकीवाले रुग्ण पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात, म्हणून हा प्रश्न मुद्दाम विचारा. तपासणी सेल-बेस्ड (पेशींवर केलेली) पद्धतीचीच मागा, एलायझा पद्धतीत खोटे पॉझिटिव्ह जास्त. रक्त प्लाझ्मा एक्स्चेंजच्या (रक्तातला द्रव बदलण्याच्या उपचाराच्या) आधी घ्या, जमलं तर स्टेरॉइडच्याही. पण रिपोर्टसाठी उपचार अडवू नका. एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, एक्यूपी४ शी जोडलेला आजार) असताना एमएस समजून इंटरफेरॉन किंवा फिंगोलिमॉड ही एमएसची औषधं दिली, तर आजार भडकू शकतो.

दवबिंदू: आणि स्टेरॉइडने फरक पडला तर?

मध्यान्ह: त्यावरून निदान ठरवू नका. सार्कॉइड (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी करणारा आजार) आणि लिम्फोमासुद्धा (लसिका पेशींचा कर्करोग) स्टेरॉइडने तात्पुरते दबतात. तीन महिने उलटूनही डाग कॉन्ट्रास्ट (एमआरआयसाठी टोचलेलं औषध) घेत असेल तर सार्कॉइड शोधायला छातीचा सीटी करा. मज्जारज्जूच्या रुग्णाचे पाय स्टेरॉइडनंतर आणखी लुळे पडले, तर ड्युरल फिस्टुला (मज्जारज्जूच्या आवरणातली रक्तवाहिन्यांची चुकीची जोडणी) शोधा. बी१२ तर पहिल्याच दिवशी पाठवा.