मदत हवी आहे: चेहरा तेलकट की कोरडा? कोणता फेसवॉश घेऊ? (इंदूर)

पोहेवाली:
नमस्कार मंडळी. वय ३१, राहते रामबागेत, नोकरी विजयनगरला. रोज स्कूटीवर ये-जा, तोंडाला दुपट्टा बांधून. दुपारी बारापर्यंत कपाळ आणि नाक असं चमकतं की समोरची विचारते, "तेल लावून आलीस का?" आणि त्याच वेळी गाल ओढल्यासारखे होतात. ओठांच्या कडेला तर पापुद्रे निघतात.

हे सगळं रंगपंचमीपासून वाढलंय. गेरमध्ये (रंगपंचमीच्या मिरवणुकीत) पक्का रंग बसला, तो काढायला एका दुपारी तीनदा अंगाच्या साबणाने तोंड घासलं. वर दाणेदार स्क्रबही. रंग गेला, पण कातडीही गेली असं वाटतंय.

बाथरूमच्या फळीवर तीन अर्ध्या ट्यूब पडल्यात: कडुनिंबाची, कोळशाची आणि एक "उजळपणा"वाली. दिवसातून चारदा तोंड धुते. सासूबाई म्हणतात बेसन आणि साय लाव. मैत्रीण म्हणते सॅलिसिलिक ॲसिडवाला फेसवॉश घे. कोणाचं ऐकू?

मालव्याचा_दादा:
सासूबाईंचं ऐका. घरात शांतता राहील. 😄

औषधी_काकू:
पोहेवाली, मी डॉक्टर नाही. डी. फार्म. (औषधनिर्माणाचा डिप्लोमा) करून वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढली आहेत, तेवढ्यावर सांगते. तुझी कातडी बहुधा मिश्र आहे, आणि सध्या दुखावलेली आहे.

आधी घरीच बघ. सुट्टीच्या दिवशी सकाळी चेहरा सौम्य क्लींझरने धू, टिपून घे, आणि काहीही लावू नकोस. तासाभराने टिश्यू पेपरचे चार तुकडे कपाळ, नाक, गाल, हनुवटी असे वेगवेगळे दाब. सगळीकडे डाग आला तर तेलकट, कुठेच नाही आणि ओढ बसते तर कोरडी, मधल्या पट्ट्यातच आला तर मिश्र. फक्त आधी त्या तिन्ही ट्यूब पंधरा दिवस बंद ठेव आणि मग कर, नाहीतर कातडीची परीक्षा न होता साबणाची होईल.

आता साबणाचं. कातडीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल. नेहमीच्या साबणाच्या वडीचा ९ ते १०. तीनदा घासलंस ना, त्यात वरचा तेलाचा थर आणि पेशींना धरून ठेवणारा स्निग्ध थरही गेला. म्हणून ओढ बसते. आणि कपाळाचं तेल धुऊन संपत नाही गं, ते आतल्या ग्रंथी बनवतात. वरून कितीही पुसलंस तरी कारखाना चालूच.

पाणी कुठलं वापरतेस?

पोहेवाली:
नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, ते पिण्यासाठी भरून ठेवतो. आंघोळीला बोरिंगचंच. बादलीला पांढरा थर बसतो, नळाच्या तोटीलाही.

औषधी_काकू:
मग ते पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका होतो, आणि तो चेहऱ्यावरही बसतो. साबण नसलेले क्लींझर असा साका करत नाहीत. शेवटचा एक तांब्या नर्मदेच्या पाण्याचा घेता आला तर घे.

घ्यायचं काय? वास नसलेला, कमी फेसाचा, ग्लिसरीन किंवा सिरॅमाइड (कातडीतलाच एक स्निग्ध घटक) असलेला. घटकांच्या यादीत सोडियम लॉरिल सल्फेट (फेस करणारं कडक रसायन) वरच दिसलं तर ठेवून दे. सकाळ-संध्याकाळ दोनदाच, कोमट पाण्याने, बोटांनी. दाणेदार स्क्रब महिनाभर बंद. धुतल्यावर कातडी "कर्रकर्र" वाजली पाहिजे ही समजूत सोडून दे, वाजते ती कोरडी झाल्यावर.

सॅलिसिलिक वाईट नाही. ते तेलात विरघळतं, म्हणून रोमछिद्रांतला मळ सैल करतं, काळे ठिपके असतील तर उपयोगी. पण पापुद्रे निघत असताना गालांना नको. गाल सुधारले की आठवड्यातून दोन-तीनदा फक्त नाक-कपाळाला लाव. बेसन मला स्वतःला आवडतं, पण भरड असेल तर ओरखडते, आणि सायीचं तेल पिंपलवाल्याला त्रासाचं.

रामबागकर:
काकू, कोळशाचं काय? आमच्याकडे सगळ्या पोरांकडे तीच काळी ट्यूब.

औषधी_काकू:
माझ्या पाहण्यात तरी काळ्या रंगापलीकडे विशेष काही नाही. पण पोरांना तेवढंच हवं असतं.
हां, पोहेवाली, नाकाच्या कडेला लाली आणि पिवळट खवले असतील, खाजत असेल, तर फेसवॉश बदलत बसू नकोस. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. आणि कोणाच्या सांगण्यावरून गोरं करणारी क्रीम आणू नकोस, काहींत स्टिरॉइड असतं. ही गोष्ट मी काउंटरवरून शंभरदा सांगितली आहे.

पोहेवाली (तीन आठवड्यांनी):
सगळं तसंच केलं. बिनवासाचा घेतला, फेस जवळजवळ येतच नाही, पहिले दोन दिवस धुतल्यासारखं वाटेना. आता गालाला मॉइश्चरायझर लावलं की झोंबत नाही, ओठांकडचे पापुद्रेही गेले. टिश्यूची परीक्षा काल केली: नाकाच्या तुकड्यावर पारदर्शक डाग, गालाचे कोरडेच. म्हणजे मिश्रच. कपाळ अजून दोनला चमकतं, पण आता टिपून घेते, धूत नाही.

कोळशाची ट्यूब नवऱ्याने घेतली. उजळपणावाली दीराला हवी होती, पण काकू, ती मी टाकून दिली.